नाइट ड्युटीतला नाताळ आणि काडीच्या पायाचं मेंढरू

पत्र:

ताई, मी नर्स आहे. यंदा २४ ची आणि २५ ची, दोन्ही रात्री माझी नाइट लागलीये. मागच्या वर्षी मला सुट्टी मिळाली होती म्हणून यंदा मागायला तोंडच नाही. मार्चमध्ये माझे बाबा गेले. घरातला नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, दरवर्षी तेच मांडायचे, डिसेंबर लागला की माळ्यावरचं खोकं काढून एकेक पुतळा फडक्याने पुसत बसायचे. त्यातल्या एका मेंढराचा पाय तुटलाय, त्याला बाबांनी काडेपेटीची काडी चिकटवून पाय केलाय. आई आता आमच्याकडेच असते, ती म्हणते यंदा काही नको, दिवे नको, झाड नको. मिस्टर आमच्या धर्मातले नाहीत, ते म्हणतात तू सांग, मी करतो, पण त्यांना यातलं काही माहीत नाही आणि मला समजावून सांगायची ताकद नाही. मुलगी आठ वर्षांची आहे. परवा तिने विचारलं, 'आई, यंदा येशू जन्माला येणारच नाही का?' मी बाथरूममध्ये जाऊन रडले. फोन उघडला की सगळ्यांची सजवलेली घरं आणि एकसारखे कपडे घातलेली कुटुंबं. असा अर्धामुर्धा नाताळ करण्यापेक्षा यंदा सोडूनच द्यावा का?

उत्तर:

नाही, सोडू नका. अर्धामुर्धाच करा, पण करा. हे आधीच सांगून टाकते कारण तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवरून वाटतंय की तुम्हाला कुणीतरी 'सोडलं तरी चालेल' म्हणावं असंही वाटतंय आणि म्हणू नये असंही वाटतंय. आईला झेपत नसेल तर तिच्यापुरतं सोडलेलं चालेल. पण तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारलाय ना, त्याला उत्तर द्यावंच लागणार, आणि ते उत्तर 'येणार आहे' हेच आहे.

तुमचं पत्र वाचल्यावर मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय पुन्हा काढून वाचला. आपण तो इतक्यांदा ऐकलेला असतो की कानावरून जातो. त्यात काय आहे बघा, सरकारी नावनोंदणीसाठी दिवस भरलेली बाई घर सोडून प्रवास करतेय, पोचल्यावर उतारशाळेत जागा नाही, बाळ जनावरांच्या गव्हाणीत ठेवलंय. ठरवल्याप्रमाणे एक गोष्ट झालेली नाही. आणि बातमी पहिल्यांदा कुणाला कळते तर रानात रात्रीच्या वेळी कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. म्हणजे नाइट ड्युटीवाल्यांना हो! सगळं गाव झोपलेलं असताना जे जागे होते, ज्यांना काम सोडून सणाला बसता येत नव्हतं, त्यांना आधी सांगितलं गेलं. मी हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून ओढूनताणून जोडत नाहीये, ते तिथे तसंच लिहिलेलं आहे. २४ च्या रात्री तुम्ही वॉर्डात राउंड घेत असाल तेव्हा तुम्ही नाताळाच्या बाहेर आहात असं कृपा करून समजू नका.

आता तारखेचं बोलू, कारण तुमचा अर्धा जीव त्या दोन तारखांमध्ये अडकलाय.

बायबलमध्ये जन्माची तारीख कुठेच दिलेली नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला हा दिवस पाळल्याची सगळ्यात जुनी नोंद इसवी सन ३३६ ची आहे, म्हणजे पहिली तीनशे वर्षं हा दिवस पाळल्याची नोंदसुद्धा नाही. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला ख्रिस्तजन्म साजरा करतं. रशिया, सर्बिया इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ७ जानेवारी, कारण त्यांची धार्मिक दिनदर्शिका जुनी आहे आणि ती आपल्या कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे चालते. युक्रेनने तर २०२३ साली कायदा करून सरकारी सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली. अख्ख्या देशाची तारीख हलू शकते तर तुमच्या घरातली दोन दिवसांनी का हलू नये? आणि चर्चच्या हिशेबाने तर नाताळ २५ ला सुरू होतो, त्या दिवशी संपत नाही. बारा दिवसांचा नाताळ ही जुनी रीत आहे, त्या हिशेबाने २७ तारीख म्हणजे तिसरा दिवस, उशीर कुठे झालाय.

तर माझं म्हणणं असं की २६ ला सकाळी ड्युटी संपवून घरी याल, तो दिवस झोपेचा, पूर्ण झोपेचा, आणि नाताळ २७ ला. ही तारीख आत्ताच ठरवा आणि घरच्या कॅलेंडरवर मुलीच्या हाताने गोल करवून घ्या. आठ वर्षांच्या पोराला उशिराचं वाईट वाटत नाही, कधी ते माहीत नसल्याचं वाटतं. 'बघू', 'जमलं तर', 'आईला बरं वाटलं तर' ही उत्तरं त्यांना फार लागतात. तारीख मिळाली की ती दिवस मोजायला लागतात, आणि दिवस मोजणं हा पण नाताळाचाच भाग आहे ना, नाताळाआधीचा आगमनकाळ दुसरं काय असतं.

पण २५ ची सकाळ एकदम कोरी सोडू नका. तुम्ही घरी याल तेव्हा डोळे मिटत असतील, तरी चपला काढायच्या आधी तिला एक मिठी, एक मेणबत्ती, एक गाण्याचं कडवं, बस. पाच मिनिटं. त्यापेक्षा जास्त करायला गेलात तर दमून चिडचिड होईल आणि तिला ती चिडचिड लक्षात राहील. अजून एक, तिला 'रात्री बाराला व्हिडिओ कॉल करते' असं वचन अजिबात देऊ नका. बाराला तुमच्या वॉर्डात काय चाललं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि ते पोर फोन हातात धरून जागत बसेल. त्यापेक्षा आदल्या दिवशीच तुमच्या आवाजात ती जन्माची गोष्ट रेकॉर्ड करून मिस्टरांच्या फोनवर ठेवा, झोपताना लावतील.

आता आई. इथे मला जरा थांबून बोलायचंय.

आई 'काही नको' म्हणतात त्याचे दोन अर्थ असू शकतात आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे ऐकू येतात. एक अर्थ, मला खरंच गोंगाट, दिवे, पाहुणे, हसरे चेहरे सहन होणार नाहीत. दुसरा अर्थ, ते नसताना खोकं उघडायची मला भीती वाटते. पहिला असेल तर मान ठेवायचा, संपलं. दुसरा असेल तर खोकं उघडताना शेजारी बसायचं. कुठला अर्थ आहे हे तुम्हाला 'नाताळ करायचा का?' असं विचारून कधीच कळणार नाही, कारण तो प्रश्न फार मोठा आहे, दुःखात असलेलं माणूस मोठ्या प्रश्नाला नाहीच म्हणतं, सोपं पडतं. लहान प्रश्न विचारा. 'आई, ते काडीच्या पायाचं मेंढरू कुठल्या खोक्यात असेल गं?' एवढंच. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, तिच्या तोंडाकडे न बघता. मग जे येईल ते येऊ दे. कदाचित त्या रडतील. कदाचित बाबांनी तो पाय कधी चिकटवला, डिंक वाळेपर्यंत मेंढरू बोटात धरून किती वेळ बसले होते ते सांगतील. कदाचित म्हणतील माहीत नाही, आणि विषय बदलतील. विषय बदलला तर तुम्हीही बदला, दोन दिवसांनी दुसरा काहीतरी लहान प्रश्न.

आणि त्यांना सूट आहे हे तोंडाने बोलून सांगा. 'आई, २७ ला आम्ही थोडंसं करणार आहोत, तुझ्या खोलीचं दार लावून बसलीस तरी आम्हाला वाईट वाटणार नाही, मध्येच येऊन बसलीस तरी कुणी काही बोलणार नाही.' हे दुसरं वाक्य विसरू नका. पुष्कळदा माणसं येत नाहीत ती एवढ्यासाठी की आपण आलो की सगळे आपल्याकडे बघतील, कुणीतरी 'बघ, बरं वाटतंय ना' म्हणेल. त्यांना गुपचूप येऊन बसता आलं पाहिजे. सरप्राइज वगैरे तर मुळीच नको, दार उघडल्यावर लखलखाट आणि सगळे टाळ्या वाजवतायत असलं काही केलंत तर त्या माउलीला पळायला जागा राहणार नाही.

(मार्चपासून आता नऊ महिने होत आले. दुःख एवढ्यात संपत नाही आणि संपायची घाईही नाही, पण त्या जेवत नसतील, रात्र रात्र झोपत नसतील, कशातच मन लागत नसेल तर नाताळाची वाट न बघता डॉक्टरांशी बोला. तुम्ही नर्स आहात, दुसऱ्याच्या आईबाबतीत हे तुमच्या चटकन लक्षात आलं असतं.)

गोठ्याचं काय करायचं? बाबा करायचे तसा करायला जाऊ नका. तसा होणार नाही, आणि प्रत्येक पुतळा ठेवताना 'बाबा इथे नाही ठेवायचे' हेच डोक्यात येईल. खोकं यंदा माळ्यावरच राहू दे, आईची तयारी असेल तर त्यातून फक्त ते एक मेंढरू काढा. बाकीचा गोठा यंदा तुमच्या मुलीने आणि तिच्या बाबांनी त्यांना सुचेल तसा करायचा, पुठ्ठ्याचा, कागदाचा, तिच्याकडच्या खेळण्यातल्या जनावरांचा, तिथे जिराफ आला तर जिराफ. लूकच्या गोष्टीत गाय आणि गाढव मुळी नाहीतच, बघा पुन्हा वाचून, गव्हाण आहे म्हणून आपण जनावरं धरून चालतो. आणि १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने जो प्रसिद्ध गोठा मांडला त्यात रंगवलेले पुतळे वगैरे काही नव्हतं, गव्हाण होती, वाळलेलं गवत होतं, खरा बैल आणि खरं गाढव आणून बांधलं होतं. हाताशी होतं त्यातून त्याने मांडलं. तुमच्या हाताशी पुठ्ठा आहे, पुठ्ठ्याचा मांडा, आणि त्याच्या एका कडेला बाबांचं मेंढरू. बाबांच्या आजवरच्या गोठ्यातला एवढा एक तुकडा पुरे.

मिस्टरांबद्दल तुम्ही लिहिलंय की त्यांना काही माहीत नाही. मला उलट यात फार मोठी सोय दिसते. त्यांना बाबांचा गोठा कसा असायचा याची सवय नाही, आपण काहीतरी चुकीचं करतोय ही भीती नाही. ते 'तू सांग, मी करतो' म्हणतायत म्हणजे मनापासून म्हणतायत, पण 'तू सांग' यात सगळा विचार करायचं ओझं तुमच्याच डोक्यावर येतं, आणि ते तुम्हाला आत्ता नकोय. मग सांगणारी व्यक्ती बदला. मुलीला सांगा, बाबांना सगळं तूच शिकवायचं. आठ वर्षांच्या मुलीला हे काम मिळालं की बघा कशी फुलते, ती त्यांना गोष्ट सांगेल, चुकीची सांगेल, बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी राजे आणि मेंढपाळ एकत्र करेल, ते प्रश्न विचारतील, तिला उत्तर येणार नाही मग दोघं शोधतील. तुम्ही फक्त एक गोष्ट मिस्टरांना स्पष्ट विचारून घ्या, की चर्चमध्ये तिला घेऊन जाणं त्यांना चालेल का, मागच्या बाकावर नुसतं बसलं तरी चालतं हे त्यांना माहीत नसेल. अवघडल्यासारखं होणार असेल तर नको, तुमच्या ओळखीचं कुणी तिला सोबत नेईल. जबरदस्तीने कुणालाच काही करायला लावू नका यंदा.

आता त्या फोटोंबद्दल थोडंसं. मला एक जुनी गोष्ट माहितीये ती सांगते. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट मुलाबाळांसकट सजवलेल्या झाडाभोवती उभे आहेत असं चित्र छापलं आणि त्यानंतर तसं झाड घरी असावं असं लोकांना वाटायला लागलं. दोन वर्षांनी एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र घेतलं, राणीचा मुकुट खोडला, अल्बर्टच्या मिशा काढल्या, आणि सामान्य अमेरिकन कुटुंब म्हणून छापलं. म्हणजे ज्या चित्राकडे बघून अमेरिकेत घराघरात झाडं आली ते चित्रच मुळात दुरुस्त केलेलं होतं. हे मला समजलं तेव्हा इतकं हलकं वाटलं होतं. २० तारखेपासून फोनमधलं ते सगळं म्यूट करून टाका, कुणाला कळत नाही, जानेवारीत परत सुरू करा.

आणि आता मला तुमच्या वॉर्डाबद्दल बोलायचंय, कारण ते तुमच्या पत्रात नाही आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. २४ तारखेला रात्री मी त्यांच्या बेडशेजारी स्टुलावर बसलेली, घरी झाड नाही, दिवा नाही, दुपारपासून पोटात काही नाही, आणि मनात एकच की हा नाताळ गेला. साडेअकराच्या सुमाराला ड्युटीवरची सिस्टर आली, सलाइन बघितलं, चार्टवर लिहिलं, आणि मग खिशातून एक नवा कोरा हातमोजा काढला, तोंडाने फुगवला, मनगटाकडे गाठ मारली. पाच फुगीर बोटं वर, झालं कोंबड्याच्या तुऱ्यासारखं काहीतरी. त्यावर मार्करने दोन डोळे, एक हसरं तोंड, आणि चिकटपट्टीने सलाइन स्टँडला अडकवलं. म्हणाली, 'काका, मेरी ख्रिसमस, चांदणी काही जमली नाही, हे घ्या.' माझे बाबा त्या हातमोज्याकडे बघत राहिले. मग डावा हात हळूहळू वर केला आणि एका बोटाने त्याला टिचकी मारली. तो हलला. बाबांच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला, झटक्यानंतरचा पहिला.

मी सिस्टरला विचारलं, तुमच्या घरी आज कोण आहे. ती म्हणाली, 'आमच्या घरी नाताळ माझी ड्युटी संपली की असतो, कधी २६, कधी २८, पोरं मला विचारतात, मम्मी यंदा नाताळ किती तारखेला?' हे ती अगदी सहज बोलली, तक्रार नव्हती त्यात. मग पुढच्या बेडकडे गेली. तिचं नाव मला आज आठवत नाही याचं वाईट वाटतं, पण तो हातमोजा हवा जाऊन सुरकुतला तरी बाबांनी डिस्चार्जपर्यंत काढू दिला नाही.

तर तुम्हीही असंच काही करा असं मी सांगत नाहीये, इन्चार्जना विचारल्याशिवाय वॉर्डात काही लावायचं नसतं आणि सगळ्याच पेशंटना सण हवा असतो असंही नाही, कुणाची ती शेवटची रात्र असते. तुम्हाला ते बघून कळतं. एवढंच म्हणते की त्या दोन रात्री तुम्ही ज्यांच्याजवळ असाल त्यांच्यातल्या कुणाकुणासाठी त्या वर्षीचा सगळा नाताळ म्हणजे तुम्ही असणार आहात. माझ्यासाठी ती सिस्टर होती. हे घरी मुलीलाही सांगा, 'आई कामावर गेली' एवढंच नको, 'तिथे काही लोकांना घरी जाता येत नाही, त्यांच्याजवळ रात्री कुणीतरी जागं लागतं, ते मी आहे' असं सांगा. तिला मेंढपाळांची गोष्ट माहीतच आहे, ती बरोबर जोडेल. तिला वाटलं तर वॉर्डासाठी कागदाची एक चांदणी करून देऊ दे, नर्सेस स्टेशनच्या टेबलावर ठेवा.

अशी ड्युटी कुठेकुठे असते सांगू? १९७३ च्या नाताळात स्कायलॅब या अवकाशस्थानकात तीन अंतराळवीर होते. त्यांच्याकडे झाड कुठून येणार, तर त्यांनी जेवणाचे रिकामे डबे जोडून झाड केलं. आणि २५ डिसेंबरला त्यातले दोघं स्थानकाबाहेर जाऊन सुमारे सात तास काम करत होते. त्यांच्या घरचेही इथे खाली त्यांची वाट बघतच होते की.

२७ ला नक्की काय करायचं ते मी ठरवणार नाही. पण एक युक्ती सांगते जी मी बऱ्याच घरांत चालताना पाहिलीये. प्रत्येकाला आत्ताच एकेकट्याला विचारा, 'कुठली एकच गोष्ट असली की तुला नाताळ झाल्यासारखा वाटेल?' एकच, दोन नाही. उत्तरं फार वेगळी येतात, आपण ज्यात दोन दोन दिवस मरमर करतो ते बहुतेक कुणाच्याच यादीत नसतं. मुलगी म्हणेल रात्री उशिरापर्यंत जागायचं. मिस्टर म्हणतील तू घरी असलीस की झालं. आई कदाचित म्हणतील काही नाही, तर काही नाही हेही उत्तरच. आणि तुम्ही स्वतःलाही विचारा, तुमचं नाव या सगळ्यात शेवटी पण येत नाहीये असं पत्र वाचून मला वाटलं. मग ज्या तीन-चार गोष्टी येतील तेवढ्याच करायच्या. झाड कुणी मागितलं नाही तर झाड नाही. केक कुणी मागितला तर विकत आणा, अपराधी वाटून घेऊ नका. भेटवस्तूंचा ढीगही नको, आपण घरी नव्हतो याची भरपाई म्हणून आणलेली खेळणी मुलांना बरोबर ओळखता येतात.

बाबांची आठवण त्या दिवशी येणारच, ती चोरू नका. कुणीतरी पहिल्यांदा त्यांचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर सगळे दिवसभर टाळत बसतात आणि घरात हवा कोंडते. तुम्हीच घ्या, सकाळीच, चहाच्या वेळी, 'बाबा असते तर आत्तापर्यंत गोठ्यापुढे मांडी घालून बसले असते'. मुलीसमोर रडू आलं तर रडा, बाथरूममध्ये जायची गरज नाही. तिचेही आजोबा गेलेत, तिलाही रडायला कुणीतरी सोबत हवं असेल, आणि कदाचित तिचा तो प्रश्न येशूपेक्षा आजोबांबद्दलच असेल. आजोबा नाहीत तर गोठा नाही, गोठा नाही तर येशू कुठे येणार, असा तिचा साधा हिशेब असू शकतो. विचारून बघा.

तर आज संध्याकाळी तिला जवळ घेऊन सांगा की येशू येणार आहे, २७ ला आपल्या घरी येणार आहे, आणि त्याच्यासाठी गव्हाण करायची जबाबदारी यंदा तुझी आणि बाबांची. पुठ्ठा कुठे ठेवलाय ते दाखवा. कात्री मात्र मिस्टरांकडे द्या. आणि २६ ला घरी आलात की फोन बंद, पडदे ओढून आधी झोप घ्या, कुणी कितीही हाक मारली तरी.